चित्रसंकलनाची पूर्वतयारी

चलच्चित्र काढणें ही गोष्ट आतां कोणाहि गृहस्थाच्या हातची झाली आहे. घाटकोपरच्या गृहसंस्थेंतील गणेशोत्सव असो, मुलुंडच्या एखाद्या घरांतील मुंज असो, कीं बोरिवलीच्या आजोबांचें सहस्रचंद्रदर्शन असो. मंडपांत दहा-वीस तरी मोबाईल उंचावलेले दिसतात आणि शेजारीं भाड्यानें आणलेला एखादा चांगला कॅमेराहि असतो. चित्रण होतें, मंडळी घरोघर जातात, आणि त्यानंतर बहुतेक ठिकाणीं एकच गोष्ट घडते. तें चित्रण कोणाच्या कार्डावर, कोणाच्या संगणकांत, कोणाच्या खणांतल्या डिस्कवर विखरून पडून राहतें. सहा महिन्यांनीं एखादा हौशी तरुण त्याचा सुटसुटीत चित्रपट करावयास बसतो, तेव्हां त्यास कळून येतें कीं, चित्रें काढलेलीं आहेत पण सांपडत नाहींत; सांपडतात त्यांतलीं कांहीं उघडत नाहींत; आणि उघडतात त्यांतलीं माणसें कोण, हें सांगणारें घरांत कोणी उरलेलें नाहीं.

सुट्या चित्रांतून अखंड कथा जुळविण्याच्या कामास चित्रपटाच्या भाषेंत संकलन म्हणतात. मुंबईच्या उपनगरांस हें काम नवें नाहीं. हिमांशु राय व देविका राणी यांची बॉम्बे टॉकीज १९३४ मध्यें मालाडास उभी राहिली. १९४३ मध्यें गोरेगांवास फिल्मिस्तान निघाली. पुढें अंधेरीस फिल्मालय झालें, आणि १९७७ मध्यें गोरेगांवची चित्रनगरी वसली. आज अंधेरी पश्चिमेस वीरा देसाई मार्गापासून वर्सोव्यापर्यंत संकलनाच्या लहानमोठ्या खोल्या गल्लोगल्लीं आहेत. अशा खोलींत नव्यानें कामास लागणाऱ्या सहायकाच्या हातीं पहिले कित्येक महिने कात्री म्हणून दिली जात नाहीं. चित्रीकरणाच्या जागेहून आलेला माल उतरवून घेणें, त्याच्या प्रती काढणें, त्यांस नांवें देणें, आणि मुख्य संकलकानें मागतांच हवा तो तुकडा त्याच्यापुढें ठेवणें, एवढेंच त्याचें काम. बाहेरच्यास हें काम कारकुनी वाटतें. वस्तुतः साऱ्या इमारतीचा पाया तेंच आहे, आणि घरगुती हौशी मनुष्याचें घोडें अडतें तें याच ठिकाणीं.

जुन्या काळीं हा माल डोळ्यांना दिसे आणि हातांना लागे. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ मध्यें 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आणला, त्या वेळीं कच्ची फिल्म भोंकें न पाडलेली येत असे. तीं भोंकें पाडण्यापासून फिल्म रसायनांत धुण्यापर्यंतच्या कामांत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा हात असे. पुढें मोठे कारखाने निघाले, पण फिल्मचा जडपणा कायम राहिला. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटांत १६ चित्रें मावतात. पडद्यावर सेकंदास २४ चित्रें धांवतात. म्हणजे मिनिटास ९० फूट फिल्म लागते, आणि हजार फुटांचें रीळ अकरा मिनिटांत संपतें. फिल्मच्या कडेस दर फुटाला एक क्रमांक असे व तो छापील प्रतीवरहि उतरे. त्यामुळें प्रतीचा कोणताहि तुकडा उचलला तरी तो मूळ फिल्मच्या कोणत्या भागाचा, हें तात्काळ कळे. चित्रीकरणाच्या आरंभीं जी पाटी वाजवीत, तिच्यावर दृश्याचा आंकडा खडूनें लिहिलेला असे, आणि पाटीच्या टाळीवरून चित्र व ध्वनि यांचा मेळ घालीत. संकलकाच्या मेजाशेजारीं कापडी अस्तर लावलेली एक खोल पेटी असे. तिच्यावर खिळ्यांची रांग, प्रत्येक खिळ्यास फिल्मचा एकेक तुकडा टांगलेला, आणि त्याचें खालचें टोंक अस्तरांत ओरखड्यापासून सुरक्षित. या पेटीस इंग्रजींत 'बिन' म्हणत. धान्याच्या कणगीसहि त्या भाषेंत तोच शब्द आहे. आजच्या सॉफ्टवेअरमधील कप्प्यांस 'बिन' असें म्हणतात, तें या पेटीवरून.

फिल्म गेली आणि तिच्या जागीं फाईल आली. फाईल डोळ्यांना दिसत नाहीं, तिला वजन नाहीं, आणि तिच्या कडेस कोणी क्रमांक छापून ठेवीत नाहीं. शिवाय ती क्षणांत पुसली जाते. जुन्या कारखान्यांतील शिस्त निम्मीअधिक फिल्मच्या जडपणानेंच लावून दिलेली होती. आतां ती शिस्त मनुष्यानें आपण होऊन पाळावी लागते.

येथें एका समजुतीचा आधीं निरास केला पाहिजे. अॅडोबी प्रीमियर, दाव्हिंची रिझॉल्व्ह अशा सॉफ्टवेअरमध्यें 'इंपोर्ट' म्हणजे आयात नांवाची एक आज्ञा असते. ती दिली कीं फायलींचीं लहान लहान चित्रें पडद्यावर ओळीनें दिसूं लागतात, आणि नवशिक्यास वाटतें कीं, चित्रण आतां सॉफ्टवेअरच्या पोटांत गेलें. तसें मुळींच झालेलें नसतें. ग्रंथालयांतील सूचिपत्रावर पुस्तकाचें नांव, कपाटाचा क्रमांक व फळीचा क्रमांक असतो. पुस्तक स्वतः त्या पत्रांत नसतें. आयात केल्यानें असें एक सूचिपत्र तयार होतें, इतकेंच. अमुक डिस्कवर, अमुक कप्प्यांत, अमुक नांवाची फाईल आहे, एवढें त्यांत नमूद होतें. आणि संकलक जें कांपाकांप करतो, तीहि मूळ फायलीस न लागतां त्या सूचींतच लिहिली जाते. यामुळेंच तीन तासांच्या चित्रणाचा प्रकल्प कित्येकदां एका छायाचित्राहूनहि लहान असतो.

सूचिपत्रावर लिहिलेल्या फळीवरून पुस्तक हलविलें तर ग्रंथपाल काय करणार? तेंच येथें होतें. आयात झाल्यावर कोणी फायलीचें नांव बदललें, कप्पा दुसरीकडे हलविला, कार्ड काढून घेतलें, किंवा बाहेरची डिस्क दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या अक्षरानें जोडली गेली, कीं पडद्यावर चित्राच्या जागीं लाल पट्टा येतो आणि 'मीडिया ऑफलाईन' अशीं अक्षरें उमटतात. नवा मनुष्य येथें हबकून जातो; आपण चार रात्री जागून केलेलें काम बुडालें, अशी त्याची समजूत होते. काम बुडालेलें नसतें; पत्ता चुकलेला असतो. 'रीलिंक' या आज्ञेनें नवा पत्ता दिला कीं सर्व चित्रें पूर्ववत् दिसूं लागतात. मात्र मूळ फाईलच पुसली गेली असेल, तर कोणतीहि आज्ञा कामास येत नाहीं. फायनल कटमध्यें फायली आपल्या ग्रंथालयांत उतरवून घ्यावयाच्या कीं जागेवरच ठेवावयाच्या, हें आयातीच्या वेळींच विचारलें जातें; आयमूव्ही तर त्या उतरवूनच घेतें. तेव्हां आपण वापरतों त्या सॉफ्टवेअरची रीत कोणती, हें प्रथम दिवशींच पाहून घ्यावें.

आतां एक उदाहरण घेऊन सारा क्रम पाहूं. समजा, घाटकोपरच्या एका गृहसंस्थेनें २०२४ च्या गणेशोत्सवाचा चित्रपट करावयाचें ठरविलें. त्या वर्षीं गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला व अनंतचतुर्दशी १७ सप्टेंबरला होती. मधल्या एका संध्याकाळीं सभासदांनीं तीन तासांचें नाटक केलें. तें दोन कॅमेऱ्यांनीं टिपलें. ध्वनीसाठीं रंगमंचाजवळ निराळा रेकॉर्डर ठेवला. मिरवणुकींत एका मुलानें छातीवर गोप्रो बांधला. बारा कुटुंबांनीं आपापल्या मोबाईलमधील चित्रें पाठविलीं. आणि एका वृद्ध सभासदानें कपाटांतून १९८९ च्या उत्सवाची एक व्हीएचएस कॅसेट काढून दिली. माल भरपूर झाला. आणि त्यांतील प्रत्येक प्रकाराची खोड निराळी.

दोन्ही कॅमेरे एकाच बनावटीचे असले, तर दोहोंच्याहि पहिल्या फायलीचें नांव एकच असतें. कांहीं कॅमेरे कार्ड कोरें केलें कीं पुन्हां एकपासून मोजूं लागतात. सोनीच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत पहिली फाईल 'सी०००१' च असते. अशीं दोन कार्डें एकाच कप्प्यांत रिकामीं करूं गेलें, तर 'याच नांवाची फाईल येथें आहे. तिच्या जागीं ही ठेवूं का?' असा प्रश्न संगणक विचारतो. घाईंत कोणी होय म्हटलें, कीं नाटकाचा पहिला अंक एका बाजूनें कायमचा गेला. गोप्रोची तऱ्हा याहून चमत्कारिक आहे. लांब चित्रण तो तुकडे पाडून ठेवतो, आणि नांवांत तुकड्याचा क्रमांक आधीं व चित्रणाचा क्रमांक मागून घालतो. त्यामुळें नांवांच्या क्रमानें फायली मांडल्या, कीं सर्व चित्रणांचे पहिले तुकडे एकत्र येतात, मग सर्वांचे दुसरे. आणि एकच मिरवणूक दोन ठिकाणीं वांटली जाते. व्हॉट्सअॅपवरून साध्या रीतीनें आलेलें चित्र दाबून लहान केलेलें असतें, आणि त्याच्या नांवांतील तारीख चित्रणाची असेलच असा भरवसा नसतो. मूळ प्रत हवी असल्यास ती 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावी, किंवा मोबाईल तारेनें जोडून उतरवून घ्यावी. व्हीएचएस कॅसेटीस तर घाई चालतच नाहीं. ती वाजवीतच उतरवावी लागते, म्हणून तीन तासांच्या कॅसेटीस तीन तासच लागतात.

पहिलें काम उतरवून घेण्याचें. कार्डावरील निवडक फायली उचलूं नयेत. सबंध कार्ड त्याच्या अंतर्गत कप्प्यांसह जसेंच्या तसें उतरवावें. कांहीं कॅमेरे एकाच चित्रणाची माहिती तीन-चार कप्प्यांत विभागून ठेवतात आणि एक कप्पा राहिला तरी सॉफ्टवेअर अडून बसतें. प्रत्येक कार्डासाठीं स्वतंत्र कप्पा करून त्यावर कॅमेऱ्याचें अक्षर व कार्डाचा आंकडा घालावा. कॅमेरा 'अ', कार्ड पहिलें. कॅमेरा 'ब', कार्ड पहिलें, याप्रमाणें. मग दोन 'सी०००१' शेजारीं शेजारीं सुखानें नांदतात.

उतरलेली प्रत मुळाबरहुकूम आहे कीं नाहीं, याचा पडताळा घेणें हें दुसरें काम. शाळेंत गुणाकार केल्यावर नवाचा पडताळा घेत असत, हें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. आंकड्यांतील अंकांची बेरीज करून ती जुळते कीं नाहीं तें पाहावयाचें. संगणकाचें 'चेकसम' याच जातीचें आहे. सबंध फायलीवर एक गणित करून त्याचें उत्तर एका लहान आंकड्यांत ठेवतात. मूळ व प्रत यांचे आंकडे जुळले तर प्रत बिनचूक समजावी. नवाच्या पडताळ्यास दोन अंकांची अदलाबदल कळत नाहीं. चेकसमला तीहि कळते. दाव्हिंची रिझॉल्व्हमधील 'क्लोन टूल' हा पडताळा आपोआप घेतें. तें साधन नसेल, तर निदान दोन्हीकडील फायलींची संख्या व एकंदर आकार ताडून पाहावा आणि प्रत्येक फायलीचा शेवटचा भाग चालवून पाहावा. अर्धवट उतरलेली फाईल बहुधा शेवटींच दगा देते. दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर होऊन तिचाहि पडताळा पुरा होईपर्यंत कार्ड कोरें करूं नये. हा नियम व्यवसायांत फार कडक पाळतात.

डिस्क किती मोठी लागेल, याचा हिशेब आधींच करतां येतो. चांगले कॅमेरे पुष्कळदां सेकंदास १०० मेगाबिट या प्रमाणांत चित्रण करतात. आठ बिटांचा एक बाईट. म्हणून हें सेकंदास साडेबारा मेगाबाईट, मिनिटास ७५० मेगाबाईट आणि तासास सुमारें ४५ गिगाबाईट झालें. दोन कॅमेरे तीन तास चालले, तर नाटकाचेच २७० गिगाबाईट होतात. मिरवणूक, मोबाईल व ध्वनि मिळून एक टेराबाईटची एक डिस्क एका प्रतीस पुरेल. आणि प्रती दोन हव्यात, म्हणून डिस्क दोन. हा खर्च आधीं सांगितला तर गृहसंस्थेच्या सभेंत पास होतो. मागाहून सांगितला तर एका डिस्कवरच भागविण्याचा मोह होतो.

तिसरें काम मांडणीचें. डिस्कवर उत्सवाच्या नांवाचा एक मोठा कप्पा करावा आणि त्यांत मूळ चित्रण, ध्वनि, छायाचित्रें, संगीत, शीर्षकें, प्रकल्प व तयार चित्रपट असे ठराविक कप्पे करावे. दर वेळीं हेच कप्पे याच क्रमानें ठेवले, म्हणजे दोन वर्षांनीं दुसऱ्या कोणी डिस्क उघडली तरी त्याला विचारावें लागत नाहीं. तारीख लिहितांना वर्ष आधीं, मग महिना, मग दिवस, असा क्रम धरावा, आणि एकेरी आंकड्यापुढें शून्य द्यावें. '२०२४-०९-०७' असें लिहिलें, कीं नांवांचा क्रम व काळाचा क्रम एकच होतो. दिवस आधीं लिहिला, तर सात सप्टेंबरशेजारीं सात ऑक्टोबर येऊन बसतो. फायलींचीं नांवें बदलावयाचीं असल्यास तीं आयातीपूर्वींच बदलावीं; मागाहून बदललीं तर लाल पट्टा ठरलेला. बहुकप्पी कार्डांतील फायलींचीं नांवें मात्र मुळींच बदलूं नयेत. तेथें कप्प्यालाच नांव देऊन काम भागवावें.

एवढें झाल्यावर सॉफ्टवेअर उघडावें. आयातीपूर्वीं प्रकल्पाची गति ठरवावी लागते. भारतांत विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनांचा आहे आणि आपल्याकडील दूरचित्रवाणीनें त्यास जुळती सेकंदास २५ चित्रांची गति स्वीकारलेली आहे. मोबाईल मात्र पुष्कळदां ३० चित्रें घेतात, आणि तीहि समान अंतरानें नव्हे. उजेड कमी झाला कीं त्यांची गति बदलते. अशी चंचल गतीची फाईल संकलनांत घेतली तर चित्रांतील ओठ व ध्वनि यांची हळूंहळूं फारकत होते. अशा फायली आधीं एका स्थिर गतीच्या करून घ्याव्या. दाव्हिंची रिझॉल्व्हमध्यें फायली आंत आल्यावर प्रकल्पाची गति सहसा बदलतां येत नाहीं, म्हणून हा निर्णय पुढें ढकलूं नये. घरचा संगणक जुना असल्यास मोठ्या फायलींच्या हलक्या प्रती करवून घ्याव्या. त्यांस 'प्रॉक्सी' म्हणतात. संकलन हलक्या प्रतीवर करावें, आणि अखेरचा चित्रपट निघतांना सॉफ्टवेअर मूळ फायलींकडे परत वळतें.

मग येतात ते बिन. डिस्कवरील कप्पे माल कोठून आला त्याप्रमाणें असतात. सॉफ्टवेअरमधील बिन तो माल कशासाठीं आहे त्याप्रमाणें असावे. या दोहोंतील भेद ध्यानांत न आल्यानें पुष्कळांचा घोंटाळा होतो. डिस्कवर 'कॅमेरा ब, कार्ड दुसरें' असा कप्पा असतो. बिनांत मात्र 'आगमन', 'आरती', 'नाटक', 'विसर्जन' अशीं नांवें हवींत. एकच फाईल दोन प्रसंगांत वांटली जाते, तेव्हां तिचे दोन भाग करून दोन बिनांत टाकावे. मूळ फाईल जागची हलत नाहीं, केवळ सूचीची दुसरी ओळ तयार होते. नंतर प्रत्येक तुकडा एकदां शांतपणें पाहून त्यापुढें दोन शब्द लिहावे: कोण आहे, काय घडतें, ध्वनि चांगला आहे कीं नाहीं. नाटकाच्या आरंभीं रंगमंचावर कोणी एक टाळी वाजविली असेल, तर दोन्ही कॅमेरे व रेकॉर्डर यांचा मेळ त्या टाळीवर क्षणांत बसतो. जुन्या काळीं जें काम पाटी करी, तेंच आज ही टाळी करते.

हे सोपस्कार ऐकून कोणास वाटेल कीं, घरच्या उत्सवासाठीं एवढा खटाटोप कशाला? याचें उत्तर आपल्याच चित्रपटांच्या इतिहासांत आहे. अर्देशिर इराणी यांचा 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजीं गिरगांवांतील मॅजेस्टिक चित्रगृहांत लागला आणि लोकांनीं त्यास अपार गर्दी केली. आज त्याची एकहि प्रत उपलब्ध नाहीं. ज्या पुण्यांतील प्रभातच्या जागेंत १९६० मध्यें चित्रपटशिक्षणाची संस्था निघाली, तेथील कोठारास ८ जानेवारी २००३ रोजीं आग लागली, आणि ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मवरील जुन्या चित्रपटांचा मोठा सांठा भस्म झाला. मुंबईंत २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीच्या काठच्या वस्तींतून तळमजल्यांवरील कपाटें पाण्याखालीं गेलीं, आणि कपाटांतील कॅसेटी व छायाचित्रें पाणी पाहून वगळलीं गेलीं नाहींत.

फाईल आगीनें किंवा पाण्यानेंच जाते असेंहि नाहीं. ती एका चुकीच्या आज्ञेनेंहि जाते. अमेरिकेंतील पिक्सार या संस्थेंत १९९८ मध्यें 'टॉय स्टोरी २' चें काम चाललें असतां कोणी दिलेल्या एका आज्ञेनें चित्रपटाच्या फायली भराभर पुसल्या जाऊं लागल्या. संस्थेच्या राखीव प्रती पाहूं जातां त्या निरुपयोगी ठरल्या. चित्रपट वांचला तो गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ बाईंमुळें. घरीं तान्हें मूल असल्यानें त्या घरूनच काम करीत आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. या गोष्टींतील बोध स्पष्ट आहे. प्रत असणें पुरेसें नाहीं. ती उघडते कीं नाहीं हें अधूनमधून पाहिलें पाहिजे, आणि एक प्रत दुसऱ्या छपराखालीं असली पाहिजे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक अन्य ठिकाणीं, असा जो नियम प्रचलित झाला आहे त्याचें श्रेय अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांस देतात. घाटकोपरच्या संस्थेनें एक डिस्क कार्यालयांत, दुसरी वरच्या मजल्यावरील सभासदाकडे, व निवडक भाग महाजालावरील साठवणींत ठेवला, तर निदान त्या भागापुरता हा नियम सहज पाळला जातो. प्रकल्पाची प्रतहि विसरूं नये. दाव्हिंची रिझॉल्व्ह आपले प्रकल्प चित्रणाच्या कप्प्यांत न ठेवतां आपल्या स्वतंत्र संग्रहांत ठेवतें. तेथून तो मुद्दाम बाहेर काढून डिस्कवर ठेवावा लागतो.

परंतु प्रती राखणें म्हणजे सारें राखणें नव्हे. महाराष्ट्रांतील एका कार्यावरून हें नीट समजेल. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडीं हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढें बर्नार्ड बेल यांच्या साह्यानें त्यांची संगणकावर नोंद झाली आणि कित्येक ओव्यांचें ध्वनिमुद्रणहि झालें. ओवी कोणत्या विषयाची, गाणारी बाई कोण, तिचें गांव कोणतें, अशी वर्गवारी त्यांनीं ठेवली. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेनें हा संग्रह लोकांस खुला केला, तेव्हां संस्थेच्या लोकांस त्यांतील नांवागांवांवरून पुन्हां त्या गांवीं जातां आलें. कित्येक गाणाऱ्या बाया भेटल्या, आणि त्यांचें चलच्चित्रण झालें. तीं नांवें लिहिलेलीं नसतीं, तर लाखभर ओव्या राहिल्या असत्या, पण त्या कोणाच्या, हें कोणास सांगतां आलें नसतें.

घाटकोपरच्या मंडळींस १९८९ ची जी कॅसेट मिळाली, तिचीहि हीच गोष्ट आहे. तिच्यांत आरती करणारे गृहस्थ कोण, मागें उभी असलेली परकरी मुलगी कोणाची, नाटकांत राजाची भूमिका कोणीं केली, हें सांगणारीं दोन-चार वृद्ध माणसें अद्याप त्या इमारतींत आहेत. कॅसेट उतरवून झाली कीं तिच्यापुढें त्यांना बसवावें, एकानें वही घेऊन मिनिट व सेकंद मांडून नांवें लिहावीं, आणि तीं नांवें त्याच दिवशीं बिनांतील तुकड्यांपुढें भरावीं. त्या वहीचें छायाचित्र काढून तेंहि मूळ चित्रणाच्या कप्प्यांत ठेवावें. संगीत, शीर्षकें व रंगांची सजावट पुढच्या दिवाळीपर्यंत थांबलीं तरी चालेल. नांवें लिहून घेण्याचें काम मात्र याच आठवड्यांत करावें.